भुकेल्याला कसे जेवू घालावे?

गेल्या आठवड्यात वेल्ह्याकडच्या एक आजी रक्तदाब तपासून घ्यायला आल्या होत्या. दंडाला पट्टा बांधत असतानाच त्यांनी विचारले, "डाक्टर, टीव्हीवर त्या लढाईतली हाडाची पोरं दाखवत्यात. मदतीच्या गाड्या बी गेल्या म्हणत्यात. मग त्यास्नी एकदाचा पोटभर भात का घालत न्हाईत?"

बाहेर बाकावर बसलेल्या दोघातिघांनीही माना डोलावल्या. प्रश्न सर्वांच्याच मनातला होता. मी आजींना घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर दिले, पण त्याने माझेच समाधान झाले नाही. शिवाय या प्रश्नाशी माझी स्वतःची एक जुनी जखम जोडलेली आहे. म्हणून आजचा लेख याच विषयावर.

आपल्याच खोऱ्यातील गोष्ट

युद्धामुळे पडणारी उपासमार ही दूरदेशीची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. परंतु आपले खोरे यातून गेलेले आहे. १६६५ च्या एप्रिल महिन्यात मिर्झाराजे जयसिंगाचा पुरंदराला वेढा पडला होता. त्याच वेळी त्याने दाऊदखान कुरेशी या सरदाराला फौजेनिशी रोहिडा आणि राजगडाच्या परिसरात पाठविले. काम एकच, मुलूख उजाड करणे. एकट्या रोहिड्याच्या आसपासची सुमारे ५० गावे त्या फौजेने जाळली. गुरे आणि माणसे धरून नेली. आज आपण भोरच्या बाजाराला ज्या गावांतून येतो, तीच ही गावे.

आता एक शेतकरी म्हणून विचार करा. एप्रिलमध्ये आपल्याकडे शेत मोकळे असते. वर्षाचा भात आणि पुढचे बियाणे घरातल्या कणगीत असते. बैल गोठ्यात असतात. त्या महिन्यात घर जळाले, तर आजचे जेवण जाते आणि जूनची पेरणीही जाते. म्हणजे आग एक दिवसाची, पण उपासमार दीड वर्षाची. पुढे औरंगजेबाने १७०३-०४ मध्ये राजगड आणि तोरणा जिंकले. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ आणि साथीने लक्षावधी माणसे मेल्याचे मनुची या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

शिवाजी महाराजांना हे गणित पक्के ठाऊक होते. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले होते की, दाणावैरण जपून वापरा. ती संपली की तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि रयत परागंदा होईल. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात बैल नसेल त्याला बैल आणि पोटाला नसेल त्याला धान्य देण्याची आज्ञा आहे. उपासमार कोठून सुरू होते आणि कोठे थांबवावी लागते, हे या दोन पत्रांत स्पष्ट दिसते.

दुष्काळ कशाला म्हणतात?

एखाद्या प्रदेशात 'दुष्काळ' जाहीर करण्यासाठी आज आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तीन कसोट्या ठरविल्या आहेत. शंभरातल्या किमान वीस घरांत अन्नाची पराकोटीची टंचाई असली पाहिजे. पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी किमान तीस मुले तीव्र कुपोषित असली पाहिजेत. आणि दर १०,००० लोकांमागे दररोज किमान दोन माणसे भुकेने किंवा भूक व रोग यांच्या संगनमताने मरत असली पाहिजेत.

दहा हजारांत दोन हा आकडा किरकोळ वाटतो. तो आपल्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून साधारण २ लाख ४० हजार होती. या हिशेबाने आपल्याकडे रोज ४८ मृत्यू होतील. एरवी ते चार-पाच असतात. वर्षभर हेच चालले, तर साडेसतरा हजार माणसे जातील, म्हणजे जवळजवळ अख्खे भोर शहर.

ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधील दारफुरच्या झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या परिसरात तज्ज्ञांनी असा दुष्काळ जाहीर केला. दोन्ही ठिकाणी कारण पावसाचे नव्हते. लढाई होती, वाटा बंद होत्या आणि अन्न माणसांपर्यंत पोहोचत नव्हते.

उपाशी शरीरात काय घडते?

आता वैद्यकाकडे वळू. आपले शरीर म्हणजे कणगीसारखे कोठार आहे. जेवण बंद झाले की यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मग शरीर चरबी जाळू लागते. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. पाणी मिळत असेल, तर धडधाकट प्रौढ माणूस दीड-दोन महिने तग धरू शकतो. लहान मुलाची कणगी मुळातच लहान. त्याला इतका वेळ मिळत नाही.

या काळात शरीर काटकसर करू लागते. नाडी मंदावते, अंग गार पडते, आतड्याचे अस्तर पातळ होते, पाचकरस कमी होतात. रोगाशी लढणारी शक्ती क्षीण होते, त्यामुळे जंतुसंसर्ग होऊनही ताप येत नाही. मूल रडत नाही, खेळत नाही, नुसते कुरकुरते किंवा शून्यात पाहते. शरीरातील पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम यांचे साठे आतून रिते झालेले असतात. काही मुले काडीसारखी वाळतात, तर काहींच्या पायावर आणि तोंडावर सूज येते, केस तांबूस होतात. सुजलेले मूल पाहणाऱ्याला गुटगुटीत वाटते, आणि तेथेच घात होतो.

माझी चूक

माझा दवाखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. एका संध्याकाळी कातकरी वस्तीवरचे एक कुटुंब जीपने आले. कोळशाच्या भट्टीवरून ते नुकतेच परतले होते. बरोबर दोन वर्षांचा मुलगा, दोन दिवसांपासून जुलाब. पाय सुजलेले, केस तांबूस, डोळे अर्धे मिटलेले. शुष्कता झाली आहे असे पाहून मी एखाद्या सर्वसाधारण मुलाला लावावी तशी सलाईन लावली, आणि वेगाने सोडली. तास-दीड तासाने त्याचा श्वास वाढला. मी तातडीने पुण्याला पाठविले. कापूरहोळ येण्याआधीच ते मूल गेले.

त्याची आई दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "पोरगं तर भरत चाललं व्हतं, डाक्टर." पायावरच्या सुजेला ती बाळसे समजत होती. ती निरक्षर होती. मी तर पदवी घेतलेला होतो, पण मीही त्या सुजेचा अर्थ वेळेवर लक्षात घेतला नाही. झिजलेल्या हृदयाला एवढे पाणी पेलत नाही, हे पुस्तकात होते. प्रसंगी मला ते आठवले नाही. आजींचा प्रश्न ऐकला तेव्हा मला हेच मूल आठवले.

आधी थोडे, मग पुरेसे

अन्नाचेही तसेच आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त केली. हाडांचे सापळे झालेली माणसे पाहून सैनिकांनी कळवळून आपल्याजवळचे डबाबंद मांस आणि स्निग्ध पदार्थ त्यांना दिले. मुक्ततेनंतर त्या छावणीत १३ हजारांवर माणसे मेली. टायफस आणि उपासमारीने बहुतेकांचे शरीर आधीच खचले होते, परंतु कित्येकांना ते जड अन्नच सोसले नाही. नंतर डॉक्टरांनी दूधभुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचे पातळ मिश्रण देऊन पाहिले. हा प्रयोग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील अनुभवावरून घेतलेला होता.

असे का होते? बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाच्या पोटात एकदम भात, साखर, गोडधोड गेले की इन्शुलिन उसळते. ते साखरेबरोबर रक्तातले उरलेसुरले फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढून नेते. रक्तातली त्यांची पातळी झपाट्याने घसरते. परिणामी हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दमतात, अंगावर सूज येते. हे पहिल्याच दिवशी घडेल असे नाही. दोन-चार दिवसांनी, माणूस आता वाचला असे वाटत असताना घडते.

म्हणून अतिकुपोषित बालकाला रुग्णालयात प्रथम सौम्य औषधी दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये फक्त ७५ कॅलरी असतात. ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजतात. मुलाला ऊब देतात, रक्तातली साखर तपासतात, ताप नसला तरी प्रतिजैविक देतात. लोहाचे औषध पहिल्या आठवड्यात देत नाहीत. सूज उतरली आणि मुलाला भूक लागू लागली की मग आहार वाढवितात. शेंगदाण्याचा लगदा, दूधभुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांची तयार पाकिटे आता जगभर वापरली जातात. ज्या मुलाला भूक लागते आणि इतर आजार नाही, ते या पाकिटांवर घरीच सुधारते.

आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले. उरलेले अर्धे असे की, या उपचाराला परिचारिका, स्वच्छ पाणी, औषधे, वीज आणि रोज मोकळा रस्ता लागतो. लढाईत नेमके हेच नाहीसे होते. आठवड्यातून एकदा आलेल्या धान्याच्या ट्रकने पोती मिळतात, पण दर दोन तासांनी चमच्याने दूध पाजणारे हात मिळत नाहीत.

भूक वाट करून देते, रोग मारतो

उपासमारीत बहुतेक माणसे रिकाम्या पोटानेच मरतात असे नाही. गोवर, जुलाब, न्यूमोनिया, हिवताप हे रोग त्यांना नेतात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला. तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी बंगालमधील होड्या आणि तांदूळ काढून घेतला. भाव भडकले आणि १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू १९४३ संपल्यानंतर, अन्न पुन्हा मिळू लागल्यावर, हिवताप, पटकी, देवी अशा साथींनी झाले, असे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे.

उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवून ते पाणी ड्रममध्ये भरले, आणि रुग्णांच्या आयाबहिणींना ते पाजायला सांगितले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जलसंजीवनीवर जगाचा विश्वास बसला, त्यात या छावणीचा मोठा वाटा आहे. तेव्हा मदत म्हणजे फक्त धान्य नव्हे. गोवराची लस, स्वच्छ पाणी, संडास, साबण आणि जलसंजीवनी ही मदत धान्याइतकीच मोलाची असते.

१९७२ ने काय शिकविले?

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला, ते वाचक 'मिलो' नावाची ती लाल ज्वारी आणि सुकडी विसरणार नाहीत. पिके गेली, गुरे गेली. परंतु त्या संकटाच्या प्रमाणात माणसे मेली नाहीत. कारण सरकारी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख लोक खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या आणि बंधाऱ्याच्या कामांवर होते. मजुरी हाती आली, रेशनचे धान्य पोहोचले. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १९७२ मध्ये पाऊस नव्हता, पण वाट मोकळी होती आणि ओरड केली तर ऐकणारे कोणी होते. १६६५ मध्ये कणग्या भरलेल्या असतील, पण त्यांना आग लावणारी फौज दारात होती. पावसाच्या दुष्काळावर माणूस उपाय काढू शकतो. माणसाने लादलेल्या दुष्काळावर ती आडकाठी दूर करणे हाच उपाय असतो. नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्यास १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने मनाई केली आहे. २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेनेही ठरावाने त्याचा निषेध केला. कायदा आहे, पण तो पाळला जावा यासाठी जगाची नजर लागते.

पोटातल्या बाळावरचा ठसा

माझा जन्म १९७३ चा, पुरंदरच्या पूर्व भागातला. मी पोटात असताना आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. "तळहातावर मावलास," असे ती सांगायची. मी आजही अंगाने किरकोळ आहे, आणि वयाच्या ४४ व्या वर्षी मला मधुमेह निघाला. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही, हे खरे. पण शास्त्र काय सांगते तेही पाहा.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात जी बाळे आईच्या पोटात होती, त्यांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा रक्तातील साखरेचे बिघाड त्यांच्यात अधिक आढळले. आपल्या पुणे जिल्ह्यातही डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे सरासरी ३.५ किलो होते. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. पोटात असताना झालेली उपासमार आणि नंतर मिळालेले मुबलक खाणे, ही जोडी मधुमेहाला आमंत्रण देते. आज जेथे माणसे उपाशी आहेत, तेथील लढाई थांबली तरी तिचे रुग्ण आणखी पन्नास वर्षे तयार होत राहतील.

आपण काय करावे?

वाचकहो, आपल्याकडे लढाई नाही. पण भट्टीवरून, ऊसतोडीवरून परतणारी मुले आहेत, एकटी राहणारी वृद्ध माणसे आहेत. म्हणून पुढील गोष्टी कात्रण करून ठेवाव्यात.

१) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मोजावा. अंगणवाडीत पट्टी असते. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल अतिकुपोषित आहे. ११.५ ते १२.५ असेल, तर धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

२) मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन आकडे मोजेपर्यंत दाबावे. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर ती सूज आहे. त्याला बाळसे समजू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चौकशी करावी.

३) जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. स्तनपान थांबवू नये. मात्र सुजलेल्या किंवा फार वाळलेल्या मुलाचे प्रमाण वेगळे असते. तेथे डॉक्टरांची देखरेख हवीच.

४) कोणीही माणूस, म्हातारा, आजारी किंवा दारूच्या आहारी गेलेला, पाच दिवसांपेक्षा अधिक काळ जवळजवळ जेवला नसेल, तर त्याला एकदम पोटभर वाढू नये. पेज, पातळ खिचडी, ताक असे थोडे थोडे, नेहमीच्या निम्म्याहून कमी, देत डॉक्टरांकडे आणावे.

५) अशा रुग्णाला "ताकदीची सलाईन लावा" असा आग्रह धरू नये. ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावे लागते. हे ठरविणे डॉक्टरांवर सोडावे.

६) गरोदर बाईने शेवटी उरलेले खायचे, ही रीत घरातून काढून टाकावी. तिचे ताट आधी वाढावे.

पुढच्या महिन्यात त्या आजी पुन्हा गोळ्या न्यायला येतील. तेव्हा मी त्यांना सांगणार आहे, "आजी, पोटभर भात घालायचाच आहे. पण त्याच्या आधी काही दिवस दर दोन तासांनी चमच्या-चमच्याने दूध पाजावे लागते. आणि तेवढे दिवस बंदुका गप्प राहाव्या लागतात." त्यांनी पोरे वाढविली आहेत, नातवंडे वाढविली आहेत. त्यांना हे पुस्तकाशिवाय कळेल. मला ते कळायला एका मुलाचा जीव जावा लागला.